चाकावरचे सपाट कव्हर : शोभेचा पत्रा समजू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारीच्या चाकांवर घरी बनवलेली सपाट, गुळगुळीत कव्हरे बसवण्याचा प्रकार अलीकडे नाशिकमध्ये दिसू लागला आहे. पेट्रोलची बचत व्हावी हा त्यामागचा हेतू आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. मात्र रस्त्यावर जी कव्हरे दिसतात, त्यांपैकी बरीचशी ज्या पद्धतीने बसवलेली असतात ती पाहून, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीची सगळी वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. हा खटाटोप बंद करा, असे मला म्हणायचे नाही. उलट नाशिकसारख्या शहरात तो उत्तम होऊ शकतो, पण त्यासाठी कव्हर हा फिरत्या चाकाचा भाग आहे असे धरूनच ते बनवले आणि बसवले पाहिजे, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

आधी या कव्हराने काय साधते ते पाहू. गाडीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. शहरात ताशी ३०-४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची शक्ती मुख्यतः टायरच्या घर्षणात आणि वारंवार थांबून पुन्हा वेग घेण्यात खर्च होते. साधारण ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे हवेचा विरोध टायरच्या घर्षणाला मागे टाकतो आणि महामार्गावर तोच इंधनाच्या खर्चाचे मुख्य कारण ठरतो. हवेच्या या एकूण विरोधापैकी सुमारे पाव भाग चाके आणि चाकांभोवतीच्या कमानी यांच्यामुळे निर्माण होतो. उघड्या रिमच्या आऱ्या आणि भोके फिरताना आतली हवा घुसळून बाहेर फेकतात, आणि ती हवा गाडीच्या अंगाला लागून सरळ मागे जाणाऱ्या प्रवाहात आडवी घुसून भोवरे तयार करते. रिमचे तोंड सपाट झाकले की ही घुसळण बरीच कमी होते.

मोटार उत्पादकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनेव्हिल येथील मिठाच्या पठारावर वेगाचे विक्रम करायला येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर ॲल्युमिनियमच्या सपाट तबकड्या पूर्वापार दिसत आल्या आहेत. १९९६ साली आलेल्या जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ या विजेवरच्या गाडीची चाके अशीच झाकलेली होती आणि तिचा हवेच्या विरोधाचा गुणांक अवघा ०.१९ होता, जो आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅकचा ०.३० ते ०.३५ च्या आसपास असतो. टोयोटा प्रियस आणि टेस्ला मॉडेल ३ या गाड्यांच्या अलॉय चाकांवर काढता येणारी प्लास्टिकची कव्हरे कारखान्यातूनच येतात. आपल्याकडेही विजेच्या गाड्यांची चाके दिवसेंदिवस अधिक सपाट होताना दिसतात, कारण एका चार्जमध्ये अधिक पल्ला मिळवायचा तर त्यांना प्रत्येक टक्का मोलाचा असतो.

फायद्याबद्दल मात्र अतिशयोक्ती नको. चारही चाके नीट झाकली तर महामार्गावरच्या स्थिर वेगात इंधनाची तीन टक्क्यांच्या आसपास बचत धरावी. गावात ती जाणवण्याजोगी नसतेच. नाशिक ते मुंबई हे सुमारे १६५ किलोमीटर अंतर लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीने कापले, तर वाचते ते जेमतेम पाव लिटर पेट्रोल. वर्षाकाठी महामार्गावर १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याचे किंवा द्राक्षबागांच्या सल्लागाराचे २०-२२ लिटर पेट्रोल यातून वाचेल. ज्याची गाडी कॉलेज रोड ते सीबीएस एवढीच फिरते, त्याने या भानगडीत न पडता टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासावी, त्याला त्याचा लाभ अधिक होईल.

आता रस्त्यावर काय चालले आहे ते. सर्वाधिक दिसतो तो सनपॅक, म्हणजे जाहिरातींच्या फलकांसाठी वापरला जाणारा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा. तो स्वस्त मिळतो, घरच्या कटरने कापता येतो आणि केबल टायने रिमच्या भोकांना बांधला की काम झाले असे वाटते. त्र्यंबक रोडवरच्या एका टायरच्या दुकानात पंक्चरसाठी आलेल्या गाडीचे असे एक कव्हर मी हातात घेऊन पाहिले. उन्हाने ते पिवळट पडले होते आणि बोटाने दाबताच पन्हळीच्या रेषेवर तडकत होते. बांधलेल्या सहा टायांपैकी दोन तुटून गेले होते, आणि उरलेल्यांना जिथे रिमच्या भोकाची कड लागत होती तिथे नखात अडकेल एवढी खाच पडलेली होती. पोलादी रिमची ही कड कारखान्यात दाबयंत्राखाली कापलेली असते, तिला बारीक धार असते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात कव्हर किंचित हलले की टाय त्या धारेवर घासला जातो. गाडीच्या मालकाला याची कल्पनाही नव्हती, कारण बाहेरून सगळे टापटीप दिसत होते.

फिरत्या चाकावर किती ओढ असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. १६५/८० आर १४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायरचा परीघ जवळपास १ मीटर ९५ सेंटिमीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटाला सुमारे ८५५ फेरे घेते. अशा वेळी रिमच्या कडेजवळ बसवलेल्या १० ग्रॅमच्या बोल्टवर बाहेरच्या दिशेने जवळजवळ दीड किलो वजनाएवढी ओढ असते, आणि समृद्धी महामार्गावर परवानगी असलेल्या ताशी १२० किलोमीटर वेगाला तीच दोन किलोंच्या वर जाते. एका बाजूचा टाय तुटून कव्हर किंचित सरकले, तर ही ओढ सगळ्या बाजूंनी सारखी राहत नाही आणि उरलेले टाय काही क्षणांत जातात. सुटलेली तबकडी गाडीच्याच वेगाने, स्वतःभोवती फिरत, रस्त्याकडेच्या कोणाच्याही अंगावर जाऊ शकते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी याच त्र्यंबक रस्त्याने दिंड्या पायी जातात, चैत्रात सप्तशृंगगडाकडे भाविक चालत निघतात, सिन्नरमार्गे शिर्डीला जाणाऱ्या पालख्या तर बाराही महिने असतात. २०२७ च्या सिंहस्थात या रस्त्यांच्या कडेने किती माणसे चालतील हे नाशिककरांना सांगायला नको. दुचाकीस्वार तर रोजचेच आहेत.

मग कव्हर बनवावे कशाचे? माझे स्पष्ट मत ॲल्युमिनियमच्या बाजूचे आहे, आणि तेही नुसत्या कापलेल्या पत्र्याच्या नव्हे तर स्पिनिंग करून, म्हणजे लेथवर फिरवत फरम्यावर दाबून, किंचित फुगीर केलेल्या तबकडीच्या. नाशिक हे भांड्यांचे गाव आहे. तांबट आळीतली ठोक्याची भांडी आणि भांडी बाजार यांची ख्याती जुनी आहे, आणि लेथवर फरमा लावून धातूच्या सर्कलला, म्हणजे गोल कापलेल्या पत्र्याला, परातीचा किंवा झाकणाचा आकार देणारे कारागीर आजही मिळतात. अमेरिकेतले हौशी लोक याच कामासाठी पिझ्झा भाजायची ॲल्युमिनियमची ताटे वापरतात. आपल्याला तर तयार कारागीरच हाताशी आहेत. १४ इंची रिम म्हणजे ३५५ मिलिमीटर हा टायर बसतो तिथला व्यास. बाहेरची कड धरून ते माप ३९ सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि कव्हराचे माप या बाहेरच्या कडेवरून प्रत्यक्ष मोजूनच घ्यावे. १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या सर्कलची एवढी तबकडी चारशे ग्रॅमच्या आत बसते. लोखंडी पत्र्याची तीच तबकडी किलोच्या वर जाते आणि गंजते ती वेगळीच.

स्पिनिंगचा आग्रह एवढ्यासाठी, की अगदी सपाट पत्रा वेगात थरथरतो आणि त्या थरथरीने बोल्टच्या भोकापासून बारीक चीर निघते. ॲल्युमिनियम अशा थकव्याला लवकर बळी पडते. एखाद-दीड सेंटिमीटरचा फुगवटा दिला आणि काठ आत वळवून घेतला की पत्रा ताठ होतो आणि कडेची धारही जाते. कारागिराला फरमा दाखवताना फुगवटा टायरच्या बाजूच्या भिंतीबाहेर येता कामा नये, हे बजावून सांगावे. पदपथाच्या दगडाला पहिला टेकणारा भाग टायरच असला पाहिजे. दुकानांच्या पाट्यांना लावतात तो एसीपीचा पत्रा सनपॅकपेक्षा बरा, परंतु त्याच्या दोन पातळ धातूंमध्ये प्लास्टिकचाच थर असतो आणि ब्रेकच्या उष्णतेजवळ तो वापरू नये असे मला वाटते.

खरी कसोटी बसवण्याची आहे. रिमला भोक पाडून स्क्रू मारण्याचा मार्ग काही जण सुचवतात, तो कोणीही अवलंबू नये. ट्यूबलेस टायरमध्ये हवा रिम आणि टायर मिळूनच धरतात, त्यामुळे चुकीच्या जागी पडलेले एक भोक हवा घालवते, आणि आऱ्यांच्या भागात पाडलेले भोक चाकच दुबळे करते. चाकाच्या नटाखाली पट्टी अडकवणेही तितकेच चूक आहे. या नटांची बैठक निमुळती असते, तिच्यात आगंतुक पत्रा आला की नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण पुढे सैल पडतो. मला पटलेली पद्धत अशी : गाडीबरोबर आलेली प्लास्टिकची व्हील कॅप, जिच्या मागे तारेचे कडे आणि पकडी असतात, ती आधार म्हणून ठेवावी, आणि नवी तबकडी तिच्यावर रुंद वायसर व नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न पडणारे) वापरून चार बोल्टनी जोडावी. पण नुसत्या कॅपच्या पकडींवर विसंबू नये, कारण त्या कॅपच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेल्या असतात. पोलादी रिमला हवेसाठी जी भोके असतात, त्यांपैकी समोरासमोरच्या भोकांतून मागच्या बाजूने छोटी पोलादी पट्टी आडवी लावून, तिच्यातून आलेले बोल्ट पुढे तबकडीत घट्ट करावेत. पट्टीला रबराचा तुकडा लावावा, म्हणजे ती वाजणार नाही आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांच्यात पाणी साचून गंज धरणार नाही. हे सगळे झाल्यावर जॅकवर चढवलेले चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावे. मागची पट्टी ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला पकडणाऱ्या भागाला) किंवा तबकडी रिमच्या कडेवर ठोकलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांना कुठे टेकत असेल, तर ते इथेच कळते. त्यानंतर कव्हरासह चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. मशीनवर चाक चढवताना मधले भोक मोकळे लागते, म्हणून काही दुकानदार कव्हर काढायला सांगतील. अशा वेळी निदान चारही तबकड्या वजनाने सारख्या आणि बोल्ट समान अंतरावर आहेत एवढी खात्री करावी, आणि स्टिअरिंगला नवी थरथर जाणवली तर कव्हर त्याच दिवशी उतरवावे.

अलॉय चाकांच्या मालकांनी या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या आऱ्यांच्या मागे पट्टी टेकायला सपाट जागा क्वचितच मिळते.

ब्रेकचा विचार नाशिककरांनी इतरांपेक्षा जास्त करायला हवा, कारण आपल्या मुंबईच्या वाटेवर कसारा घाट आहे. इगतपुरी ते कसारा या उतरणीत गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून ११०० किलोच्या गाडीची या उतारात मोकळी होणारी ऊर्जा जवळपास १० लिटर पाणी उकळायला पुरेशी असते. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. जे न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरतात त्यांच्याकडे ती सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात आणि थांबवण्याचे जास्त काम पुढच्या डिस्क करतात. म्हणून मागची कव्हरे पूर्ण बंद ठेवायला हरकत नाही, पण पुढच्या तबकड्यांना मधोमध मोठे गोल तोंड किंवा भोवताली रुंद फटी ठेवल्याच पाहिजेत. त्याने बचतीतला थोडा भाग जाईल, तो जाऊ द्यावा. प्लास्टिकची घरगुती कव्हरे पुढच्या चाकांना घाटाच्या प्रवासात मुळीच नसावीत.

पावसाळ्यातली एक अडचण शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. निफाड, दिंडोरीच्या शिवाररस्त्यांवरून गाडी नेली की काळी माती चाकात भरते. उघड्या रिममधून ती वाळून पडून जाते, झाकलेल्या रिममध्ये मात्र एका बाजूला गोळा होऊन बसते आणि चाकाचा तोल घालवते. कव्हराच्या काठाजवळ पाणी निथळायला लहान छिद्रे ठेवावीत आणि चिखलातून आल्यावर आतून पाण्याचा फवारा मारावा. हवा भरायच्या व्हॉल्व्हसाठी बोट जाईल एवढे भोक हवेच, नाहीतर कव्हर काढण्याच्या कंटाळ्याने हवा तपासणे लांबते आणि तीन टक्के वाचवायला निघालेला माणूस कमी हवेच्या टायरवर त्याहून अधिक घालवतो. चाकांचे नट झाकले जातात, म्हणून ते कसलेले आहेत की नाहीत हे ठराविक दिवसांनी कव्हर उतरवून पाहावे. ज्या पान्याने कव्हर निघते तो पाना जॅकबरोबर गाडीतच ठेवावा, कारण पंक्चर रात्री गोंदे फाट्यावर झाले तर स्टेपनी लावण्याआधी कव्हर निघाले पाहिजे.

कायद्याबद्दल लोक विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे होतील असे फेरबदल करण्यास मनाई करते. चाकावरचे कव्हर त्या तपशिलांत मोडत नाही, अशी माझी समजूत आहे. मात्र याच कायद्याच्या कलम १९० नुसार असुरक्षित स्थितीतले वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि लोंबकळणाऱ्या किंवा धारदार कडांच्या कव्हराला ते लागू करण्यात मला काहीच वावगे दिसत नाही. वाहतूक पोलिसांनी व पेठ रोडच्या परिवहन कार्यालयाने सपाट कव्हर दिसले की दंड, असे न करता ते कशाने बांधले आहे हे वाकून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

शेवटी मोजमापाबद्दल. कव्हर बसवल्यावर एकदा टाकी फुल करून ‘लिटरला दोन किलोमीटर वाढले’ असे सांगणारे बरेच भेटतात. एका वेळच्या पेट्रोल भरण्यातच तीन टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा मुंबईकडे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतो. एकच पंप, एकच रस्ता, जाणे आणि येणे दोन्ही, टायरमध्ये सारखी हवा, सारखा वेग, आणि आलटून पालटून कव्हरासह व कव्हराविना, अशा अनेक फेऱ्यांची नोंद ठेवली तरच काही म्हणता येईल. याहून नेमकी रीत म्हणजे ठराविक वेगाला गाडी न्यूट्रल करून ती किती अंतरावर मंदावते हे मोजणे. पण ते सार्वजनिक रस्त्यावर कोणी करू नये, त्याला बंदिस्त, सपाट धावपट्टी लागते.

नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, सातपूरला आयटीआय आहे, सातपूर-अंबडला पत्राकाम आणि टर्निंगची शेकडो छोटी वर्कशॉप आहेत आणि भांड्यांचे कारागीर आहेत. एखाद्या महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा प्रकल्प द्यावा, १३, १४ आणि १५ इंची पोलादी रिमसाठी प्रमाणित रेखाचित्रे तयार करावीत, बंदिस्त जागेत कव्हरांची चाचणी घ्यावी आणि आकडे, चांगले असोत वा निराशाजनक, जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत. आपल्या दैनिकाने त्यासाठी पुढाकार घ्यावा. मी काढलेली १४ इंची रिमची रेखाचित्रे आणि मागच्या पट्टीची मापे कोणत्याही संस्थेला विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला या पत्रासोबत स्वतंत्र कळवला आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
सातपूर, नाशिक